सेक्टरातला आमुरो

७ एप्रिल १९७९ रोजी जपानमध्ये नागोया टीव्हीवर ‘मोबाइल सूट गंडाम’ ही मालिका सुरू झाली. तिचा नायक आमुरो रे आपल्याला पहिल्यांदा दिसतो तो बनियनवर, खोलीत यंत्राशी खटपट करत बसलेला. जेवणाचं भान नाही, बाहेर भोंगा वाजतोय तोही कानावर पडलेला नाही. शेजारची फ्राऊ बो येऊन त्याला उठवते. त्याच भागात तिची आई आणि आजोबा हल्ल्यात मारले जातात, आणि हा पंधरा वर्षांचा मुलगा माहितीपुस्तिका चाळत चाळत अठरा मीटर उंचीच्या यंत्रात शिरतो. यंत्र घडवणाऱ्यांत त्याचे वडील, इंजिनिअर टेम रे, प्रमुख आहेत. आमुरो शत्रूचं पहिलं यंत्र नष्ट करतो, त्या स्फोटाने वसाहतीच्या भिंतीला भगदाड पडतं आणि त्यातून वडीलच अंतराळात फेकले जातात. पहिल्या पराक्रमाची ही किंमत दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांनी पहिल्याच भागात समोर ठेवली.

आमुरो राहतो ती वसाहत, साइड ७, हे एक नियोजित शहर आहे आणि त्याचं बांधकाम अजून अर्धवट आहे. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओनील यांनी १९७४ मध्ये मांडलेली कल्पना इथे वापरली आहे: सुमारे साडेसहा किलोमीटर व्यासाचं आणि तीसेक किलोमीटर लांबीचं फिरतं नळकांडं, आत रस्ते, हिरवळ, घरांच्या रांगा. पृथ्वीवर माणसं मावेनात म्हणून त्यांना इथे हलवलेलं.

नेरूळमध्ये राहून हे पाहताना आपल्या गावाचा नकाशा आठवल्याशिवाय राहत नाही. मुंबईत माणसं मावेनात म्हणून खाडीपलीकडे नवं शहर वसवावं, असा प्रस्ताव चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडला. ते वसवण्यासाठी १७ मार्च १९७० रोजी सिडको हे महामंडळ स्थापन झालं. ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र, ९५ गावं आणि त्यांवर आखलेले नोड, म्हणजे शहराचे विभाग. नेरूळ त्यांतला एक. इथल्या मुलांचा पत्ता सेक्टर आणि प्लॉटच्या आकड्यांनी सुरू होतो. जपानमध्येही टोकियोजवळच्या तामा न्यू टाउनमध्ये १९७१ पासून लोक राहायला येत होते. मोठ्यांनी कागदावर आखलेल्या जागेत वाढणाऱ्या मुलाची गोष्ट त्या काळी तिथे सांगितली गेली, यात मला आश्चर्य वाटत नाही.

यंत्रमानव चालवणाऱ्या मुलांची परंपरा जपानमध्ये त्याआधीची आहे, आणि तिच्यात यंत्र जवळपास नेहमीच वडीलधाऱ्यांकडून आलेलं असतं. मित्सुतेरू योकोयामा यांच्या १९५६ च्या ‘तेत्सुजिन २८’मधला यंत्रमानव मुळात महायुद्धासाठी बनवलेलं गुप्त शस्त्र, युद्धानंतर तो शोतारो या मुलाच्या हाती येतो आणि त्याच्या रिमोटवर चालतो. गो नागाई यांच्या १९७२ च्या ‘माझिंगर झी’मध्ये कोजी यंत्राच्या डोक्यातच जाऊन बसतो, ते त्याच्या आजोबांनी मरताना दिलेलं आहे. १९९५ च्या ‘एव्हान्जेलियन’मध्ये तर बापच चौदा वर्षांच्या शिंजीला बोलावून घेतो आणि यंत्रात बसायला सांगतो. योकोयामांचीच आणखी एक कल्पना आपल्याकडे दूरदर्शनवर ‘जायंट रोबो’ म्हणून आली. मनगटावरच्या घड्याळातून हुकूम देणारा जॉनी ऐंशीच्या दशकातल्या कितीतरी मुलांना आजही आठवतो, आणि शेवटच्या भागात रोबो त्याचा हुकूम न मानता स्वतःचा बळी देतो तेही.

आमुरो या सगळ्यांत वेगळा ठरतो, कारण तो थकतो. नवव्या भागात तो लढायला जायचंच नाकारतो. तो ज्या युद्धजहाजावर आहे त्याचा कप्तान ब्राइट त्याला दोनदा थोबाडीत मारतो, आणि वडिलांनीही कधी हात उगारला नव्हता म्हणून आमुरो चिडतो. या प्रसंगावर जपानमध्ये विनोद पुष्कळ झाले. मला मात्र त्यात ब्राइटचं वय महत्त्वाचं वाटतं: तो स्वतः एकोणीस वर्षांचा आहे. जहाजावरचे अनुभवी अधिकारी मेले किंवा जायबंदी झाले म्हणून जबाबदारी त्याच्यावर आली आहे. एक पोर दुसऱ्या पोराला मारतंय आणि ज्यांनी युद्ध सुरू केलं ते खोलीत नाहीत. तेराव्या भागात आमुरो पृथ्वीवर आईला भेटतो, तिच्यासमोर शत्रूसैनिकावर गोळी झाडतो आणि तिच्या नजरेत परका होतो. पुढे वडीलही सापडतात. प्राणवायूअभावी त्यांच्या मेंदूला इजा झाली आहे. मुलाची चौकशी न करता ते यंत्राला लावायला एक जुनाट सुटा भाग त्याच्या हाती देतात. आमुरो तो फेकून देतो.

मालिकेला प्रेक्षक कमी मिळाले, खेळणी खपेनात, म्हणून ५२ ऐवजी ४३ भागांतच ती संपवली गेली. नंतर पुनःप्रक्षेपणांनी तिला वाचवलं आणि जुलै १९८० मध्ये बांदाईने ३०० येनला विकायला काढलेल्या १:१४४ प्रमाणातल्या जोडणीसंचांनी ती घरोघरी नेली.

आपल्याकडचा बालनायक भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीच्या या पोराचं यंत्र म्हणजे सायकल, आणि संकटात उडी घेतो तो स्वतःच्या मर्जीने. मला तो अतिशय प्रिय आहे, पण क्लास, प्रवेशपरीक्षा आणि आईबापांनी ठरवलेली शाखा यांत जगणाऱ्या आजच्या नेरूळच्या मुलाला आमुरो जवळचा वाटला, तर त्याचं कारण समजण्यासारखं आहे.

एक बाजू मात्र इथे उलटी आहे. ‘गंडाम’मधलं युद्ध हलवलेल्या माणसांच्या बंडातून पेटतं, त्यांची वसाहत रिकाम्या अंतराळात उभी होती. नेरूळची जागा रिकामी नव्हती. इथे आगरी-कोळ्यांची भातशेती, मिठागरं आणि खाडीतली मासेमारी होती. नव्या शहरासाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, आणि त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. मराठीत कुणी महाकाय यंत्रमानवाची कथा लिहिणार असेल, तर कॉकपिटमध्ये बसणारं पोर मला नेरूळच्या गावठाणातलं हवं आहे. त्याच्या आजोबांची शेती सेक्टरच्या रस्त्याखाली गेलेली असावी, बाप त्याच प्रकल्पावर कामाला असावा, आणि ते यंत्र कुणासाठी चालवायचं हा प्रश्न त्याने पहिल्याच भागात दोघांनाही विचारावा.