धांदरट मूल आणि न दिसणारी इंद्रिये

डोळे मिटा आणि उजव्या हाताची तर्जनी नाकाच्या शेंड्याला लावा. लागली ना? आता सांगा, हात तर दिसत नव्हता. मग बोटाला नाकाची वाट दाखवली कोणी?

माणसाला इंद्रिये किती, असे वर्गात विचारले की विद्यार्थी एका सुरात ‘पाच’ म्हणतात. डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा. यादी जुनी आहे, चुकीची नाही. पण अपुरी आहे. आपल्या स्नायूंत आणि सांध्यांत सूक्ष्म ज्ञानतंतू असतात. हात किती वळला, गुडघा किती दुमडला, स्नायूवर ताण किती आला, ही वर्दी ते क्षणोक्षणी मेंदूकडे पोचवीत असतात. शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०६ साली या जाणिवेला स्वतंत्र नाव दिले. आपण तिला देहभान म्हणू. दुसरे इंद्रिय कानात दडलेले आहे. आतल्या कानात प्रत्येक बाजूस तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत द्रव असतो. डोके वळले की हा द्रव मागे रेंगाळतो आणि मेंदूला कळते की आपण वळलो. जत्रेतल्या पाळण्यातून उतरल्यावर जमीन फिरते ती याच द्रवामुळे.

ही दोन्ही इंद्रिये मुकाट्याने काम करतात, म्हणूनच त्यांच्या कामात उणीव राहिली तर ती कोणाच्या ध्यानात येत नाही. आंधळ्या मुलाला कोणी ‘नीट बघ’ म्हणून मारीत नाही. पण सात-आठ वर्षांचा एखादा मुलगा दाराच्या चौकटीला आपटतो, पाण्याचा पेला सांडतो, पेन्सिल इतकी दाबतो की टोक मोडते, सदऱ्याच्या गुंड्या त्याला लागत नाहीत आणि चेंडू त्याच्या हातातून हमखास निसटतो. त्याला आपण काय म्हणतो? धांदरट, वेंधळा, लक्ष नाही मेल्याचे! बुद्धी चांगली, नजर चांगली, हातापायांत शक्ती आहे, तरीही हालचाली एकमेकींशी जुळत नाहीत, आणि रोजची कामे त्यापायी अडतात. वैद्यकात याला डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर असे लांबलचक नाव आहे. आपण समन्वयदोष म्हणू या. शाळकरी वयाच्या शंभर मुलांत पाच-सहा जणांना तो असतो, म्हणजे जवळजवळ प्रत्येक वर्गात एक-दोन. मुलींपेक्षा मुलांत तो अधिक दिसतो, आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्या मुलांत त्याचा संभव जास्त. नेमके कारण अजून पुरते उलगडलेले नाही. ज्ञानतंतूंकडून आलेली वर्दी आणि मेंदूने आखलेली हालचाल यांची सांगड कोठेतरी सैल राहते, एवढे मात्र दिसते.

खरे नुकसान पुढेच आहे. चेंडू झेलता येत नाही म्हणून गडी त्याला खेळात घेत नाहीत. खेळ नाही म्हणून सराव नाही, आणि सराव नाही म्हणून तो आणखी मागे पडतो. दहाव्या वर्षी तो मैदानाकडे फिरकेनासा होतो, आणि घरचे म्हणतात, स्वभावच एकलकोंडा!

यावर उपाय काय? अमेरिकेत जीन एअर्स नावाच्या व्यवसायोपचार-तज्ज्ञ बाईंनी १९७२ साली या विषयावर एक ग्रंथ लिहिला. मुलाला झोके द्यावेत, लोळवावे, चढावयास लावावे, म्हणजे इंद्रियांच्या वर्दीची मेंदूत नीट जुळणी होईल, अशी त्यांची कल्पना. कल्पना मोठी मोहक आहे आणि मुलांना ती आवडतेही. पण तिचा पुरावा तोकडा पडतो; अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ साली या बाबतीत सबुरीचा सल्ला दिला. माझे मत विचाराल तर, झोपाळा खुशाल असावा, पण नुसत्या झोपाळ्याने गुंडी लागत नाही.

गुंडी लावूनच गुंडी लागते. जे काम अडते तेच काम तुकड्यातुकड्यांनी शिकवावे, याला आज अधिक भक्कम आधार आहे. आईने सगळ्या गुंड्या लावाव्यात, शेवटची काजात अर्धी सरकवावी आणि ओढून घेण्याचे काम मुलावर सोपवावे. ते साधले की शेवटची गुंडी पूर्ण त्याची. मग शेवटच्या दोन. काम संपल्याचे समाधान रोज त्यालाच मिळते, ही यातली खरी मेख. सुरुवातीला गुंडी मोठी आणि काज सैल असावे. लिहिताना आधी पाय पाहा. बाक उंच असेल आणि पाय लोंबकळत असतील तर धड डुगडुगते, मग हात स्थिर राहावा कसा? पायाखाली लाकडी पाट ठेवा. शाळेला यासाठी कसलाही खर्च नाही, फक्त शिक्षकाने बाकाखाली वाकून पाहायला हवे!

कोणते काम कसे तोडावे हे ठरविण्यास व्यवसायोपचार-तज्ज्ञ किंवा भौतिकोपचार-तज्ज्ञ लागतो. ही विद्या आपल्याकडे नवी नव्हे. व्यवसायोपचाराची देशातील पहिली शाळा कमला निंबकर यांनी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० साली सुरू केली. २०१३ साली पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्यात अंगणवाडीतल्या व शाळेतल्या मुलांची तपासणी होते आणि पुढच्या उपचारासाठी जिल्हा पातळीवर केंद्रे ठेवलेली आहेत. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. मात्र आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. कधी कधी सारा घोटाळा चष्म्याचाच असतो.

हे झाले शाळकरी मुलाचे. तान्ह्या मुलाच्या बाबतीत मात्र ‘होईल हळूहळू’ म्हणून थांबू नये. नऊ महिन्यांचे मूल आधाराशिवाय बसत नसेल, दीड वर्षाचे चालत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे. वर्षाच्या आतच मूल एकच हात पुढे करते आणि घरात कौतुक होते, ‘डावखुरा होणार बरं का!’ अहो, एवढ्या लहान वयात हात ठरत नसतो. दुसऱ्या हातात जोर कमी असल्याची ती खूण असू शकते. आणि एकदा आलेली हालचाल मूल विसरू लागले, तर पुढल्या सोमवारची वाट पाहू नका.