बाळंतपणानंतरचे पहिले दोन तास

बाळ जन्माला आले की बाळंतपण संपले असे घरच्यांना वाटते. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मात्र सर्वांत जोखमीचा टप्पा तेव्हाच सुरू होतो. पूर्ण दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आसपास रक्त वाहत असते. वार सुटली की तिच्या जागी असंख्य रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. ती बंद होण्यासाठी गर्भाशयाने स्वतःच आवळून घट्ट गोळा व्हावे लागते, म्हणजे स्नायूंच्या जाळ्यात रक्तवाहिन्या दाबल्या जातात. गर्भाशय सैल राहिले तर रक्त थांबत नाही आणि धडधाकट बाईही दोनेक तासांत दगावू शकते. योनीमार्गे प्रसूतीनंतर 500 मिलिलीटर किंवा अधिक रक्त गेले तर त्याला प्रसूतीपश्चात रक्तस्राव म्हणण्याचा प्रघात आहे, 1000 मिलिलीटरच्या पुढे तो तीव्र मानतात. भारतात पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार निम्म्याहून अधिक गर्भवती रक्तक्षयी आहेत. अंगात मुळात रक्त कमी असलेल्या बाईला 500 मिलिलीटरची वाट पाहण्याचीही सवड नसते.

यावरचे औषध डॉक्टरांना पूर्वीपासून ठाऊक होते. ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन बाळ जन्मताच दिले की गर्भाशय आवळते. पण ते थंड जागी ठेवावे लागते, सुई टोचणारे प्रशिक्षित माणूस लागते. बेळगाव जिल्ह्यातल्या एखाद्या वाडीवर, कंदिलाच्या उजेडात होणाऱ्या बाळंतपणात यांपैकी काहीच नसायचे. 1998-2000 या काळात जगभर मिसोप्रोस्टॉल नावाच्या गोळीची चर्चा सुरू होती. ही गोळी मूळची पोटातल्या व्रणावरची. ती गर्भाशयही आवळते, तिला फ्रीज लागत नाही आणि ती तोंडाने घेता येते. मोठ्या रुग्णालयांतल्या चाचण्यांनी ऑक्सिटोसिन तिच्यापेक्षा सरस ठरवले होते. परंतु जिथे ऑक्सिटोसिन पोहोचतच नाही तिथे ही गोळी काही नसण्यापेक्षा बरी का, याचे उत्तर रुग्णालयात मिळणारे नव्हते.

ते शोधले बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजने. केएलई संस्थेचे हे महाविद्यालय 1963 चे. तिथले डॉ. भालचंद्र कोडकणी, डॉ. शिवप्रसाद गौडर आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतल्या डॉ. रिचर्ड डर्मन यांच्या गटाबरोबर सप्टेंबर 2002 ते डिसेंबर 2005 या काळात चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत चाचणी घेतली. बाळंतपणे घरी किंवा उपकेंद्रावर होणार होती आणि ती करणार होत्या तिथल्याच नर्सबाई, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविका. या चाचणीचे मोठेपण इथेच आहे. औषध पुढे ज्या हातांनी दिले जाणार होते, त्याच हातांनी ते तपासले गेले.

एकूण 1620 बायका चाचणीत सामील झाल्या. त्यांतल्या 812 जणींना बाळ जन्मल्यावर लगेच 600 मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल दिले गेले आणि 808 जणींना दिसायला अगदी तशाच, पण औषध नसलेल्या गोळ्या. कोणाला काय मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखे यदृच्छेने ठरले होते. यामागे साधे कारण आहे. निवड माणसावर सोपवली तर नर्सबाई कळवळ्यापोटी अशक्त बाईलाच औषध देईल, मग त्या गटात रक्तस्राव जास्त दिसेल आणि चांगले औषधही निकामी ठरेल. यदृच्छ वाटपात वय, खेप, रक्तक्षय, बाळाचे वजन अशा सगळ्या गोष्टी दोन्ही गटांत जवळपास सारख्या विखुरतात, अगदी ज्या गोष्टी कोणाच्या ध्यानातही आलेल्या नाहीत त्यासुद्धा. शेवटी फरक दिसला तर तो गोळीचाच असे छातीठोकपणे म्हणता येते. शिवाय पाकिटात काय आहे हे बाईलाही ठाऊक नव्हते आणि नर्सबाईलाही नाही. ठाऊक असते तर रक्त मोजणाऱ्या नजरेत आशा किंवा भीती उतरली असती.

रक्त मोजणे हाच खरा पेच होता. बाळंतपणात रक्त कपड्यांत, गोणपाटात, सारवलेल्या जमिनीत मुरते आणि अंदाज नेहमी कमीच बांधला जातो. या गटाने त्यासाठी प्लॅस्टिकची एक चादर तयार केली. ती बाळंतिणीच्या कमरेखाली अंथरायची. तिचे टोक निमुळत्या पिशवीसारखे असते आणि पिशवीवर मापाच्या रेघा असतात. रक्त तिथे साचते आणि किती गेले ते सरळ वाचता येते. ती बनवणाऱ्या सात सहकाऱ्यांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव ‘ब्रास-व्ही’ पडले. नजरेचा अंदाज आणि चादरीचे माप ताडून पाहिले तेव्हा नजरेने सुमारे एक तृतीयांश रक्त कमी धरले होते. कितीतरी रक्तस्राव आजवर नोंदलेच गेले नसणार, हे त्या आकड्यावरून उघड होते.

निकाल ‘द लॅन्सेट’च्या ऑक्टोबर 2006 च्या अंकात आले. औषध नसलेल्या गटात 12 टक्के बायकांना रक्तस्राव झाला होता, मिसोप्रोस्टॉलच्या गटात 6.4 टक्के. तीव्र रक्तस्राव 1.2 टक्क्यांवरून 0.2 टक्क्यांवर आला. दर अठरा बायकांना गोळी दिली की एकीचा रक्तस्राव टळत होता. गोळीने थंडी वाजणे, अंग तापणे हे त्रास झाले, पण ते थोड्या वेळात ओसरले. एक सावधगिरी मात्र कायमची आहे. ही गोळी बाळ पूर्ण बाहेर आल्यावर आणि पोटात दुसरे बाळ नाही याची खात्री करूनच द्यायची असते. एवढी मोठी मात्रा आधी दिली तर गर्भाशय फाटू शकते.

अर्ध्या बायकांना औषधाशिवाय ठेवणे योग्य होते का? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. ज्या उपचाराने जीव वाचतो हे सिद्ध आहे आणि जो त्या जागी मिळू शकतो, तो चाचणीसाठी रोखून धरणे हा अपराधच ठरेल. बेळगावच्या त्या गावांत तेव्हा गर्भाशय आवळणारे कोणतेच औषध नेमाने दिले जात नव्हते आणि घरगुती बाळंतपणात ही गोळी उपयोगी व निर्धोक आहे का हेही कोणाला खात्रीने ठाऊक नव्हते. दोन्ही गटांतल्या बायकांजवळ प्रशिक्षित नर्सबाई होती आणि रक्त मोजले जात होते. त्या घडीला ही रचना समर्थनीय होती असेच म्हणावे लागते. निकाल हाती आल्यावर मात्र तशीच चाचणी पुन्हा त्याच रीतीने घेणे समर्थनीय राहत नाही. जे एकदा कळले ते पुढच्या बाईच्या हक्काचे होते.

पुढची पाच वर्षे वादात गेली. ही गोळी गर्भपातासाठीही वापरली जाते, त्यामुळे ती गावोगाव पोहोचवायला अनेकांचा विरोध होता. अखेर 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रक्तस्राव टाळण्यासाठी तिचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. ऑक्सिटोसिन नसेल तिथे 600 मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल द्यावे, ही शिफारस 2012 ची. मापाच्या चादरीचा प्रवास याहून लांबचा झाला. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या 80 रुग्णालयांत झालेल्या ‘ई-मोटिव्ह’ चाचणीचे निकाल 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे अशाच चादरीने रक्त मोजून लगेच सगळे उपचार एकत्र सुरू केले जात होते. तीव्र रक्तस्राव, त्यासाठीची पोटाची शस्त्रक्रिया किंवा त्यातून मृत्यू, या एकत्रित धोक्याचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 1.6 टक्क्यांवर आले.

दरम्यान भारतातली बाळंतपणेच घरातून दवाखान्यात गेली. संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण 2005-06 मध्ये सुमारे 39 टक्के होते, 2019-21 मध्ये ते 89 टक्क्यांच्या घरात पोहोचले. साहजिकच संशोधकांपुढचे प्रश्नही बदलले. उन्हाळ्यात तासन्‌तास वीज जाते तिथे ऑक्सिटोसिन टिकत नाही, म्हणून उष्णतेत टिकणाऱ्या कार्बेटोसिनची चाचणी दहा देशांतल्या 29,645 बायकांवर झाली. बेळगाव तिच्यातही होते. 2018 च्या निकालात दोन्ही औषधे जवळजवळ बरोबरीची ठरली.

नागपुरातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे आणि डागा स्मृती स्त्री रुग्णालयाचे कामही याच तोलाचे आहे. गर्भारपणात रक्तदाब फार वाढला की झटके येतात, मेंदूत रक्तस्राव होतो. शिरेतून द्यायची औषधे आणि त्यावर सतत लक्ष ठेवणारे मनुष्यबळ गर्दीच्या वॉर्डात पुरत नाही, म्हणून इथे तोंडाने घ्यायची तीन स्वस्त औषधे एकमेकांशी ताडून पाहिली. 894 बायकांच्या या चाचणीचे निकाल 2019 मध्ये आले. सहा तासांत कोणताही अपाय न होता रक्तदाब आटोक्यात येण्याचे प्रमाण निफेडिपिनने 84 टक्के, लॅबेटालॉलने 77 आणि मेथिलडोपाने 76 टक्के होते. तिन्ही औषधे वापरण्याजोगी निघाली. साध्या तालुका रुग्णालयातल्या डॉक्टरच्या दृष्टीने एवढे कळणे फार मोलाचे आहे.

अशा प्रत्येक आकड्यामागे एका बाईचा होकार असतो आणि तो कसा मिळवला यावर संशोधनाची पत ठरते. गुजरातला याचा कडू अनुभव आहे. 2009 मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील एचपीव्ही लस हजारो शाळकरी मुलींना एका प्रकल्पातून दिली गेली. एप्रिल 2010 मध्ये तो थांबवावा लागला. लस घेतलेल्या काही मुली दगावल्या होत्या. ते मृत्यू लसीने झाले नव्हते असे चौकशीत दिसले, पण खम्ममच्या वसतिगृहांत पालकांऐवजी अधीक्षकांनीच संमतिपत्रांवर सह्या केल्याचे बाहेर आले. 2013 मध्ये संसदीय समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले. लस चांगली होती, संमती घेण्याची रीत वाईट होती. पुढे कितीतरी वर्षे त्याचा फटका लसीलाच बसला.

सुरतेत हा प्रश्न भाषेचाही होतो. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडची हजारो कुटुंबे राहतात. शेजारी ओडिया आणि हिंदी बोलणारी कामगार घरे आहेत. नव्या सिव्हिल रुग्णालयात किंवा महापालिकेच्या स्मीमेरमध्ये एकाच दिवशी एकाच प्रसूतिगृहात या सगळ्या भाषा ऐकू येतात. घरात अहिराणी बोलणाऱ्या आणि मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या मुलीपुढे गुजराती संमतिपत्र ठेवून सही घेतली तर कागद पुरा होईल, संमती नाही. नियमानुसार सहभागी व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत माहिती द्यावी लागते. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोर मजकूर वाचून दाखवावा लागतो. कळा सुरू झाल्यावर तर कोणतीच बाई शांतपणे विचार करू शकत नाही, म्हणून शक्य तिथे ही बोलणी गर्भारपणीच्या तपासण्यांतच व्हायला हवीत आणि प्रसूतीच्या वेळी पुन्हा विचारले जायला हवे. नवऱ्याशी, सासूशी बोलायला तिला वेळ द्यावा, पण होकार तिचाच असावा.

कायद्याचे कुंपणही आता पूर्वीपेक्षा भक्कम आहे. 2019 च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्या नियमांनुसार चाचणीला नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते. तिच्यात किमान सात सदस्य असतात, त्यांतले निम्मे तरी संस्थेबाहेरचे, आणि एक स्त्री, एक कायदेतज्ज्ञ व एक सामान्य नागरिक असावेच लागतात. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. पहिली बाई सहभागी होण्याआधी चाचणीची नोंद भारतीय क्लिनिकल चाचणी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, करावी लागते. ही नोंदवही 2007 पासून सर्वांसाठी खुली आहे. चाचणी कोण करते, पैसा कोणाचा, काय मोजणार हे कोणालाही तिथे पाहता येते आणि नको असलेला निकाल गुपचूप दडपणे अवघड होते.

माहितीपत्र हातात आले की काही गोष्टी विचारून घ्याव्यात. चाचणी नसती तर कोणता उपचार मिळाला असता? नवे काय आहे, आणि त्याचा आईला व बाळाला कोणता धोका आहे? दूध पाजण्यावर परिणाम होईल का? रात्री-अपरात्री त्रास झाला तर कोणाला फोन करायचा? नाही म्हटले, किंवा हो म्हणून मध्येच बाहेर पडले, तरी नेहमीच्या उपचारात तसूभरही कमी पडता कामा नये. हा हक्क माहितीपत्रात लिहिलेला असतो. तो नसेल तर सही करू नये.