विश्लेषण : जुन्या ब्रिटिश बंदुकीचे वय कसे ओळखतात?

बाहेर घोडे असलेल्या जुन्या ब्रिटिश दुनळी बंदुकांवर निर्मितीचे वर्ष बहुतेकदा नसते. मग वय ठरते कसे?

कबुतरांसाठी वेगळी बंदूक का?
एकोणिसाव्या शतकात पेटीतून सोडलेली जिवंत कबुतरे टिपण्याच्या स्पर्धांवर मोठ्या पैजा लागत. त्यासाठीच्या बंदुका वजनाने जड असत. नळ्या तोंडाशी किंचित आवळलेल्या, म्हणजे ‘चोक’ केलेल्या असत. सेफ्टी बहुधा नसेच. १८७५ मध्ये घोडे आत दडवणारी अॅन्सन-डीली रचना आली, तरी अनेक नेमबाजांनी बाहेरचे घोडे सोडले नाहीत. १९२१ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये हा खेळ थांबला.

शिक्के काय सांगतात?
नळ्या सुट्या केल्या की खालच्या बाजूला लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे शिक्के दिसतात.
• ‘नॉट फॉर बॉल’ : १८७५ ते १८८७
• शंकरपाळ्याच्या आकारात बोअरचा आकडा, खाली ‘सी’ : १८८७ ते १९२५
• ‘नायट्रो प्रूफ’ : १८९६ पासून

फसगत कुठे होते?
जुनी बंदूक पुन्हा चाचणीला गेली की तिच्यावर नवा शिक्का बसतो. त्यामुळे वय सर्वांत जुन्या शिक्क्यावरून ठरवावे.

धोका कोणता?
लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या दमास्कस नळ्या मुळात काळ्या दारूसाठी होत्या. नायट्रोचा शिक्का नसताना आजचे काडतूस उडवले, तर नळी फुटून बोटे किंवा डोळा जाऊ शकतो. शिक्का असला तरी घासून नळी पातळ झालेली असू शकते. जाणकार बंदूक कारागिराने तपासल्याशिवाय चाप ओढू नये.