कळ दाबूनही मोटार सुरू न झाल्यास

पहाटेची वेळ आहे, रुग्णास इस्पितळात न्यावयाचे आहे, मंडळी मोटारीत बसली आहेत. चालक कळ दाबतो आणि एंजिन मूकच राहते. जुन्या मोटारीत किल्ली फिरविताना दोष कोठे असावा याचा काही अंदाज येत असे. कळीच्या मोटारीत तो आधार उरलेला नाही. म्हणून कळ दाबल्यावर आत काय घडते, हे वाचकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

कळ दाबताच मोटारीतील नियंत्रक प्रथम दोन गोष्टी पाहतो : ब्रेक (हाताने गिअर बदलावयाच्या मोटारीत बहुधा क्लच) दाबलेला आहे काय, आणि खरी किल्ली आत आहे काय. किल्लीस हाक मारण्यासाठी मोटारीतील एरिअले बहुधा सुमारे १२५ किलोहर्ट्झच्या लहरी सोडतात. त्या थोड्याच अंतरापर्यंत पोचतात. किल्ली रेडिओ लहरींनी सांकेतिक उत्तर देते. उत्तर जुळले तरच पुढचे मंडल पूर्ण होते.

ब्रेकची चूक वाटते त्याहून अधिक वेळा होते. एंजिन बंद असता पेडल दोनचार वेळा दाबले की साहाय्यक निर्वात संपून ते कठीण होते आणि हलका पाय पुरत नाही. पेडल नेटाने दाबावे. स्वयंचलित गिअरची दांडी 'पी' वा 'एन' वर आहे ना, तेही पाहावे.

किल्लीतील नाण्याएवढा ३ व्होल्टचा घट संपला असल्यास किल्ली निकामी झाली असे समजू नये. अनेक मोटारींत ती कळीस अगदी टेकवून धरली असता काम भागते, कारण फॅरडेने १८३१ साली दाखविलेल्या विद्युत्‌प्रवर्तनाने तिच्यातील लहानशा वेटोळ्यास मोटारीकडूनच शक्ती मिळते. काही मोटारींत ही जागा निराळी असते. ती माहितीपुस्तिकेत दिलेली असते. मोबाईल दूरध्वनी किल्लीस चिकटून असल्यास तो दूर ठेवावा.

दिवे लागतात, परंतु 'टक् टक्' आवाज येऊन एंजिन फिरत नाही, तेव्हा संशय मुख्य बॅटरीवर घ्यावा. दिव्यांना काही अँपिअर पुरतात, आरंभक मोटरीस शंभराहून अधिक लागतात. म्हणून दिवा लागला हा बॅटरीच्या सुदृढतेचा पुरावा नव्हे. पूर्ण भारलेली बॅटरी स्वस्थ असता सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. अग्रांवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असल्यास तीच प्रवाह अडवीत असेल. दुसऱ्या मोटारीची शक्ती उसनी घेताना दोन्ही धन अग्रे आधी जोडावीत, मग चांगल्या बॅटरीचे ऋण अग्र. काळ्या तारेचे शेवटचे टोक बंद मोटारीच्या एंजिनावरील उघड्या धातूस, बॅटरीपासून दूर, लावावे. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघू शकतो. तेथे ठिणगी नको.

एक प्रकार मात्र यंत्रदोषात मोडत नाही. किल्ली खिशात असलेले गृहस्थ स्थानकावर उतरतात. चालू एंजिन सहसा थांबत नाही, केवळ इशारा देते. पुढे पेट्रोलपंपावर ते बंद केले की पुन्हा सुरू होत नाही. बॅटरी तपासण्यापूर्वी त्या गृहस्थांस दूरध्वनी करावा.