कालच्या वस्तूंचं पुरातत्त्व

१९९१ची एक फोर्ड ट्रान्झिट व्हॅन. आयर्नब्रिज संग्रहालयातल्या पुरातत्त्वज्ञांनीच ती आधी वापरलेली. २००६ साली ब्रिस्टल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी या व्हॅनचं चक्क उत्खनन केलं! जमिनीतला खड्डा खणताना करतात तशी प्रत्येक गोष्टीची नोंद करत त्यांनी गाडीच्या आतला भाग तपासला, सापडलेल्या बारीकसारीक वस्तू जपून ठेवल्या आणि पुढे गाडीचे भागही सुटे केले.

पुरातत्त्व म्हणजे हडप्पा किंवा अजिंठा, असंच आपल्या मनात असतं. पण गेल्या काही शतकांतल्या, अगदी आजच्याही वस्तूंचा अभ्यास याच पद्धतीने करता येतो. अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या विल्यम रॅथजे यांनी १९७३पासून टक्सनमधल्या घरांचा कचरा तपासला. लोक बिअर किती पितो म्हणून सांगतात आणि डब्यात किती बाटल्या निघतात, याचा मेळ बसेना. मुलाखतीतून निसटलेलं सत्य केराच्या डब्यात सापडलं, हे या विद्याशाखेचं मोठंच यश.

अशा अभ्यासकांना एकमेकांशी बोलायला जागा हवी होती. २००३मध्ये ब्रिस्टलला भरलेल्या परिषदेतून ‘चॅट’ हा गट उभा राहिला. त्याची परिषद एका गावी बांधलेली नाही. पुढच्याच दोन वर्षांत ती लेस्टर आणि डब्लिनला भरली. यजमान बदलला की चर्चेचा विषयही बदलतो. हे फिरतेपण कष्टाचं खरं, पण त्यामुळे तरुण संशोधकांना आपल्याच शहरात व्यासपीठ मिळतं.