नव्या नळाचा खर्च कोणी सोसावा?

गावाबाहेर शंभर बिऱ्हाडांची वसाहत उठली की पाणी तिच्यापर्यंत जाणारच, असे आपण सारे धरून चालतो. पण नळ जोडणे हा त्यातला अगदी किरकोळ खर्च होय. खरा पैसा लागतो तो टाकीला, शुद्धीकरण केंद्राच्या वाढीला, मुख्य वाहिनीला. आणि जेवढे पाणी आत येते त्यातले बहुतेक मैलापाणी होऊन बाहेर जाते, म्हणून भुयारी गटारालाही. ही कामे माणसे राहायला येण्यापूर्वी करावी लागतात. पाणीपट्टी मात्र ती आल्यावर सुरू होते, आणि तीत पंपाची वीज, औषधे व नोकरांचे पगार भागले तरी पुष्कळ. मग हे भांडवल द्यायचे कोणी? साऱ्या गावाने, की नव्याने येणाऱ्याने?

अमेरिकेतील पुष्कळ शहरांनी दुसरी वाट धरली. नव्या बांधकामाचा जो भार सार्वजनिक सोयींवर पडतो, त्याचे शुल्क आधीच घ्यायचे. त्याला आपण भारशुल्क म्हणू. फ्लॉरिडा राज्याच्या पश्चिम किनाऱ्यावर डनीडिन नावाचे लहानसे शहर आहे. त्याने १९७०च्या दशकात नव्या जोडणीवर दर बिऱ्हाडामागे पाण्यासाठी ३२५ आणि गटारासाठी ३७५ डॉलर बसविले. तिथले कंत्राटदार व बांधकाम व्यावसायिक यांच्या संघटनेने दावा लावला, की हे शुल्क नव्हे, हा कर आहे. आणि राज्यघटनेप्रमाणे असा कर बसविण्याचा अधिकार शहराला नाही.

१९७६ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तो मोठा शहाणपणाचा आहे. नव्या ग्राहकांमुळे जी वाढ करावी लागते तिचा खर्च नव्यांनी सोसावा, परंतु तेवढाच. जे काम तसेही करावे लागणार होते, त्याचे पैसे एकट्या नव्यांकडून उकळले तर जुन्यांना फुकटचा लाभ होतो. म्हणून शुल्क वाजवी वाट्याहून अधिक नको, आणि जमा झालेली रक्कम वाढीच्या कामाखेरीज कशालाही लागता कामा नये. इथवर शहराची बाजू भक्कम होती. पण पैसा कशावर खर्चावा याचे बंधन शहराने आपल्या नियमात घातलेच नव्हते! तेवढ्यावर तो नियम टिकला नाही. बंधन घालून नवा नियम करा, आधी जमलेल्या रकमेवरही तेच बंधन घाला, अशी मोकळीक मात्र न्यायालयाने ठेवली.

आम्हां युनियनवाल्यांना यात नवल वाटत नाही. आमची हयात वर्गण्या गोळा करण्यात गेली. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यातच अशी तरतूद होती की राजकीय कामासाठी पैसा हवा तर त्याची वर्गणी वेगळी घ्यावी, निधी वेगळा ठेवावा, आणि सभासदावर तिची सक्ती करू नये. एका नावाने घेतलेला पैसा दुसरीकडे वळला की पुढच्या महिन्यात पावतीपुस्तक घेऊन खात्यात फिरणाऱ्या कार्यकर्त्याला त्याचा जाब द्यावा लागतो.

आता आमची शंका. हे शुल्क बांधणारा भरतो खरा, पण पुष्कळदा तो ते घराच्या किमतीत घालतो. आणि कर्ज काढून घर घेणारा कामगार ते वर्षानुवर्षे व्याजासकट फेडतो. दोन खोल्यांचे घर आणि बागबगीचाचा बंगला यांना दर बिऱ्हाडामागे एकच आकार असला, तर गरिबाचा वाटा सरळच जड होतो. अनेक शहरे मीटरच्या आकारावरून शुल्क ठरवितात. ते थोडे बरे, कारण मोठ्या मीटरला अधिक पडते. परंतु छोटे घर आणि मध्यम बंगला दोघांचेही मीटर सारखेच असू शकते, तिथे हा उपाय थिटा पडतो. शिवाय, जुन्या वस्तीची गळकी वाहिनी बदलण्याचे काम यात घुसडले जाते की काय, हे नव्या घरमालकाला घरबसल्या कसे कळावे?

हा प्रश्न तिकडचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही. आपल्या १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात १९९२ साली विकास शुल्काचे प्रकरण घातले गेले, आणि बांधकामाची परवानगी मागणाऱ्याकडून ते घेतले जाते. ते केवळ पाण्याचे नव्हे, सर्वच सोयींचे. नगरपालिकेचे अंदाजपत्रक पाहताना जमेच्या बाजूला या शुल्काची रक्कम शोधावी, मग खर्चाच्या बाजूला तेवढ्या रकमेची टाकी किंवा गटार सापडते का ते पाहावे, आणि न सापडल्यास आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला ते पान उघडून दाखवावे.