साठी उलटल्यावरचा विनोद

विनोद हें तरुणपणाचें लेणें आहे, असा समज आपल्याकडील सुशिक्षित घरांतून सर्रास आढळतो. साठी उलटलेल्या माणसानें गीतेवर टीका लिहावी, तीर्थयात्रेचें वर्णन करावें, फार तर नातवंडांस बोधपर गोष्टी सांगाव्या. त्यानें लोकांस हंसवावयास निघणें म्हणजे कांहीं तरी विपरीतच! या समजास आधार अगदींच नाहीं असें नव्हे. 'बाळकराम' या नांवानें महाराष्ट्रास पोट धरून हंसविणारे राम गणेश गडकरी १९१९ च्या जानेवारींत वारले, तेव्हां त्यांचें वय चौतीसही पुरें झालेलें नव्हतें. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनीं 'सुदाम्याचे पोहे' वाटले ते चाळिशीच्या आंत. बडोद्याचे पालीचे प्राध्यापक चिं. वि. जोशी यांचें 'एरंडाचें गुऱ्हाळ' १९३२ सालीं निघालें, तेव्हां तेही चाळिशीचेच होते. स्पेनमधील सर्व्हांतेसनें 'दोन किहोते'चा पहिला भाग १६०५ सालीं, म्हणजे सत्तावन्नाव्या वर्षाच्या सुमारास प्रसिद्ध केला खरा. पण तो दूरदेशचा दाखला म्हणून कोणी सहज बाजूस सारील.

मग जवळचाच दाखला घेऊं. आम्ही हें घोटीस बसून लिहीत आहों. येथून एक वाट वैतरणेच्या बाजूनें त्र्यंबकेश्वरास जाते आणि आग्रारोड सरळ नाशिकास. त्या नाशिकापासून जवळच गोदाकांठीं जलालपूर म्हणून गांव आहे. तेथल्या गोखल्यांच्या घरीं १८६८ सालीं मनकर्णिका नांवाची मुलगी जन्मली. अकराव्या वर्षीं तिचें लग्न झालें आणि ती लक्ष्मीबाई टिळक झाली. शाळेचें तोंड तिनें कधीं पाहिलें नाहीं. पति नारायण वामन टिळक हे कवि. अक्षरओळख झाली ती त्यांच्याच सहवासांत, आणि तीही संसाराच्या धबडग्यांत, सवड सांपडेल तशी. या बाईंच्या 'स्मृतिचित्रां'चा पहिला भाग १९३४ सालीं पुस्तकरूपानें निघाला, तेव्हां त्यांस सहासष्टावें वर्ष होतें!

'स्मृतिचित्रें' हें आत्मचरित्र. त्यास विनोदी वाङ्मय कसें म्हणतां, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, पुस्तक उघडावें आणि घरांत चारचौघांपुढें मोठ्यानें वाचावें. दहा पानें होण्याच्या आंत स्वयंपाकघरांतील मंडळी दाराशीं येऊन उभी राहते कीं नाहीं तें पाहावें. चारही भागांत हंसूं कोठें ना कोठें भेटतेंच, आणि नवल हें कीं, तें उगवतें अत्यंत दुःखाच्या जागीं. लक्ष्मीबाईंचे मातामह १८५७ च्या धामधुमींत फांशी गेले. त्या धक्क्यानें वडिलांच्या डोक्यांत सोवळ्याओवळ्याचें जें वेड शिरलें, त्यानें सारें घर पाण्यांत बुडालें. बाहेरून आलेली जिन्नस धुतल्यावांचून घरांत येईना. या वेडापायीं आईचे आणि मुलांचे जे हाल झाले, त्यांवर दुसऱ्या कोणीं रडगाणें रचलें असतें. लक्ष्मीबाई मात्र घडलें तें जसेंच्या तसें सांगतात, आणि वाचकाला हंसूं आल्यावर मग त्याचे डोळे ओले होतात.

टिळकांविषयीं तर विचारूंच नये. तापट, उदार, लहरी आणि पैशाशीं जन्माचें वैर असलेला हा कविपुरुष! न सांगतां घरांतून निघून जावें, हातीं आलेला रुपया वाटेंत भेटेल त्याला द्यावा, आणि चूल कशी पेटते याचा विचार बायकोवर सोंपवावा. १८९५ सालीं त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि कांहीं वर्षें उभयतांची ताटातूट झाली. पुढें १९०० सालीं लक्ष्मीबाईंनींही तोच मार्ग धरला. धर्मांतराच्या प्रश्नांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं. परंतु नवरा जिवंत असून एकटें राहावें लागलेल्या त्या वर्षांविषयींही ही बाई कडवटपणाचा एक थेंब न सांडतां लिहिते, याचें आम्हांस वारंवार आश्चर्य वाटतें. पुढें नगरास बालकवि ठोमरे त्यांच्या घरीं राहिले. त्या लाडक्या कवीचे हट्ट आणि रुसवेफुगवे त्यांनीं आईच्या डोळ्यांनीं टिपले आहेत. एका घरांत दोन कवि सांभाळणें ही काय चीज आहे, हें ज्या गृहिणीनें भोगलें तिनेंच सांगावें.

हें सारें पन्नाशीच्या आंत लिहितां आलें असतें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. १९१९ च्या मे महिन्यांत टिळक गेले. ज्याच्याशीं जन्मभर भांडलों त्याच्या रागाचें हंसूं यावयास मध्यें बरींच वर्षें जावीं लागतात. राग निवतो, माया उरते, आणि मग तोच प्रसंग निराळा दिसूं लागतो. दुसरें असें कीं, कोल्हटकर-गडकऱ्यांचा विनोद कोटीवर आणि अतिशयोक्तीवर पोसलेला. त्यास विद्वत्ता आणि तारुण्याची उसळी हवी. लक्ष्मीबाईंपाशीं यांपैकीं कांहींच नव्हतें. होती ती माजघरांतली भाषा, जींत आपल्या आज्या बोलतात आणि जिला छापण्याच्या योग्यतेची असें कोणीं मानिलें नव्हतें.

तिसरें कारण आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें. लक्ष्मीबाईंना कोणीं तरी विचारलें. पुत्र देवदत्त यांस वडिलांचें चरित्र लिहावयाचें होतें. त्याकरितां आईनें आठवणी लिहाव्या असा त्यांचा आग्रह पडला. चरित्राचा कच्चा माल म्हणून जें निघालें, तें 'संजीवनी'च्या अंकांतून वाचकांपुढें येऊं लागलें आणि मूळ बेतालाच मागें टाकून पुढें गेलें. मुलानें विचारलें नसतें, तर ह्याच गोष्टी सुपारी कातरतांना सांगून झाल्या असत्या, ऐकणारे हंसले असते आणि १९३६ च्या फेब्रुवारींत, लक्ष्मीबाई वारल्या त्या दिवशीं, सारें संपलें असतें. घोटीसारख्या बाजाराच्या गांवींही अशा गोष्टी सांगणाऱ्या आज्या जुन्या घरांतून बसलेल्या आहेत. "आजी, पुन्हा तेंच!" म्हणून नातवंडें उठून जातात. ज्यांच्या घरीं अशी आजी आहे, त्यांनीं एक वही आणून तिच्यापुढें ठेवावी, आणि कृपा करून तिचें शुद्धलेखन तपासूं नये.

लक्ष्मीबाईंचा शेवटचा भाग त्यांच्या पश्चात् निघाला. टिळकांचें अपुरें राहिलेलें 'ख्रिस्तायन' काव्यही त्यांनीं पुढें नेलें होतें, तें १९३८ सालीं छापून आलें. पण लोकांनीं उराशीं धरिलीं तीं 'स्मृतिचित्रें'. १९५० सालीं त्यांचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झालें, आणि २०१७ सालीं शांता गोखले यांनीं तें पुस्तक पुन्हा नव्यानें इंग्रजींत नेलें. एका गोखल्यांच्या मुलीचें पुस्तक दुसऱ्या गोखल्यांच्या मुलीनें परभाषेंत न्यावें, हा योगायोग लक्ष्मीबाईंना कळता, तर त्यांनीं त्यावर एक प्रकरण लिहिल्यावांचून राहिल्या नसत्या.